मॅचआधी आलेला फोन

प्रश्न : मी मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजची एमबीबीएस. अमेरिकेत डॉक्टरकी करायला लागणाऱ्या यूएसएमएलईच्या सगळ्या परीक्षा झाल्या आहेत. या वर्षी तिथे सायकियाट्री रेसिडेन्सीसाठी, म्हणजे मनोविकारातल्या विशेष प्रशिक्षणासाठी अर्ज केले. या जागा 'मॅच'मधून ठरतात, म्हणजे उमेदवारांच्या आणि प्रोग्रॅमच्या पसंतीच्या याद्या जुळवून. पाच मुलाखती आल्या, त्यातल्या तीन ऑनलाइन झाल्या. गेल्या आठवड्यात त्यांपैकी एका प्रोग्रॅम डायरेक्टरांचा फोन आला : "तुम्ही आम्हाला पसंत आहात, मॅचच्या बाहेरच जागा देतो. शुक्रवारपर्यंत ईमेलने होकार कळवा आणि मॅचमधून नाव काढा." गाव लहान आहे, पण व्हिसा देऊ म्हणाले. उरलेल्या दोन मुलाखती जानेवारीत आहेत, त्यातली एक मला मनापासून हवी आहे. बाबा म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागू नकोस. होकार देऊ का?

उत्तर : डॉक्टर, बाबांची म्हण खोटी नाही, पण ती लागू व्हायला आधी काहीतरी हातात आलेलं असावं लागतं. तुमच्या पत्रात फोन आहे, शुक्रवार आहे, नाव काढून घ्यायचा आग्रह आहे. कागद कुठेच नाही. म्हणून होकाराचं नंतर पाहू. ही जागा अशी फोनवरून द्यायचा त्यांना मुळात अधिकार आहे का, हे आधी तपासू.

रेसिडेन्सीची मॅच चालवणाऱ्या एनआरएमपीचा २०१३ च्या मॅचपासून एक नियम आहे, 'ऑल इन' नावाचा. जो प्रोग्रॅम मॅचमध्ये उतरतो, त्याने आपल्या सगळ्या जागा मॅचमध्येच ठेवायच्या. चार आत आणि दोन मागच्या दाराने, असं चालत नाही. त्याआधी परदेशी पदवीधरांना अशा 'प्री-मॅच' जागा सर्रास मिळत. तुमच्या ओळखीतले जुने सीनियर 'आम्हाला डिसेंबरातच मिळाली होती' असं सांगत असतील, तर ते खरं सांगतायत, पण त्यांच्या काळातलं. नियमाला मोजके अपवाद आहेत. तुमचं प्रकरण त्यात बसतं असं कुणी म्हणालंच, तर तेही लेखी मागा.

तेव्हा आज पहिलं काम : हा प्रोग्रॅम या वर्षीच्या मॅचमध्ये आहे का, ते एनआरएमपीच्या यादीत बघा. असेल, तर तो फोन त्यांनी मान्य केलेल्या मॅच कराराच्याच विरुद्ध आहे. त्या शब्दावर विसंबून तुम्ही नाव काढलंत आणि मार्चमध्ये त्यांनी हात वर केले, तर एनआरएमपी त्यांना जाब विचारेल, पण तुमचं वर्ष परत आणून देणार नाही. 'तुम्हाला यादीत वर ठेवू' हे आश्वासनही तसंच, कुणालाच बांधत नाही. तुम्ही आणखी कुठे मुलाखत दिली, यादीत कुणाला कितवं ठेवणार, हे विचारायची त्यांना मुभा नाही. विचारलं तर विषय बदला. फोन किती वाजता आला, कोण काय बोललं, हे मात्र आजच्या आज लिहून ठेवा. आठवण पुसट होते, टिपण होत नाही.

इतका बंदोबस्त कशाला, असं वाटेल. मॅच १९५२ मध्ये सुरू झाली, त्याआधीची दशकभराची कथा तुमच्या शुक्रवारसारखीच आहे. चांगला विद्यार्थी दुसऱ्याने पळवू नये म्हणून हॉस्पिटलं त्याला पदवीच्या दोन-दोन वर्षं आधी बांधून घेत. ते थांबवलं, तर मुदतींचा खेळ सुरू झाला. १९४५ साली विचार करायला दहा दिवस ठरले होते, १९४९ पर्यंत बारा तासही हॉस्पिटलांना जास्त वाटू लागले. मॅचवर टीका पुष्कळ आहे. पगार दाबला जातो म्हणून २००२ मध्ये डॉक्टरांनी तिच्यावर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावाही लावला होता, पण २००४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून मॅचला त्यातून सूटच दिली आणि दावा बारगळला. मला ती सूट पटलेली नाही, पण तो वेगळा विषय. मॅचची गणना उमेदवाराच्या बाजूने चालते, त्यामुळे यादीत खरी पसंती खऱ्या क्रमाने लिहिण्यात नुकसान नाही, एवढं लक्षात असू द्या.

आता समजा, प्रोग्रॅम मॅचमध्ये नाहीच. असे फार थोडे असतात, पण असतात. मग ही ऑफर कायदेशीर आहे आणि विचार करण्याजोगी आहे. इथून पुढे सगळं कागदावर.

मान्यता आधी. रेसिडेन्सी प्रोग्रॅमना मान्यता देणारी संस्था म्हणजे एसीजीएमई. तिच्या जाहीर यादीत प्रोग्रॅमचं नाव आणि आजची स्थिती पाहा. 'मान्यता येऊ घातली आहे' म्हणजे आज नाही. मान्यता नसेल तर परदेशी पदवीधर डॉक्टरांची प्रमाणपत्रं पाहणारी ईसीएफएमजी ही संस्था जे-१, म्हणजे प्रशिक्षणासाठीचा व्हिसा पुरस्कृत करणार नाही, म्हणजे बाकीचं वाचायची गरजच उरत नाही.

मग करार. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत असा नियम आहे की, झाल्या दिवसापासून वर्षाच्या आत जो करार पुरा होऊच शकत नाही, तो लेखी हवा. डिसेंबरात ठरलेली, जुलैत सुरू होऊन पुढच्या जूनला संपणारी नोकरी त्यात नेमकी बसते. म्हणजे डायरेक्टरांच्या तोंडी शब्दाची कोर्टात किंमत जवळपास शून्य. याची दुसरी बाजू लोक विसरतात : २००० सालच्या कायद्याने ईमेललाही लेखाचा दर्जा मिळू शकतो, त्यामुळे अटी न वाचता 'आय ॲक्सेप्ट' लिहिलंत, तर बांधल्या जाण्याचा धोका तुम्हालाच. कागद संस्थेचा हवा, संस्थेच्या वतीने सही करायचा ज्यांना अधिकार आहे त्यांच्या सहीचा. डायरेक्टर कितीही भले असोत, ते उद्या बदलू शकतात.

करार एकेका वर्षाचा असेल, त्याने घाबरू नका. सायकियाट्री चार वर्षांची, पण नेमणूक दरवर्षी नवी, हीच रीत आहे. नूतनीकरण नाकारायचं असेल तर लेखी सूचना आणि दाद मागायची सोय हवी, ते कलम शोधा. 'प्रशिक्षणानंतर अमुक मैलांत प्रॅक्टिस करणार नाही' अशी अट दिसली तर सही करू नका. मान्यताप्राप्त प्रोग्रॅमला रेसिडेंटवर ती घालायला एसीजीएमईची बंदी आहे.

'व्हिसा देऊ' या वाक्यात व्हिसाचं नाव नाही, आणि तुमची पुढची दहा वर्षं त्या नावावर अवलंबून आहेत. जे-१ असेल तर दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचं 'स्टेटमेंट ऑफ नीड', म्हणजे देशाला अशा तज्ज्ञाची गरज असल्याचं पत्र लागेल आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं भारतात राहण्याची अट येईल. ती माफ करून घ्यायचा नेहमीचा मार्ग म्हणजे डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी. त्यासाठी प्रत्येक राज्याला वर्षाला तीस जागा असतात, आणि मनोविकारतज्ज्ञांची टंचाई तिकडे पुष्कळ भागांत आहे. एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा म्हणत असतील तर यूएसएमएलईची स्टेप थ्री लागते, ती तुमच्याकडे आहे. पण सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने देशाबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचा बोजा टाकला. लहान गावातलं हॉस्पिटल तो उचलणार का, की त्यांना सूट आहे, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. आणि सरकारी कॉलेजच्या सेवेच्या बाँडचं काय? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. एक वर्षाची सेवा झाली नसेल किंवा दहा लाख भरले नसतील, तर ते देणं अमेरिकेच्या करारात कुठे दिसणार नाही, पण ते राहील तुमच्याच नावावर.

हे सगळं नीट निघालं तर? परदेशी पदवीधर, पाच मुलाखती, आणि हातात सही झालेला, मान्यता असलेला, व्हिसाचं नाव लिहिलेला करार. मी घेईन. आवडीच्या मुलाखतीसाठी जीव तुटतो हे समजतं, पण मुलाखत म्हणजे जागा नव्हे. क्रम मात्र चुकवू नका : दोन्ही सह्या झालेली प्रत हाती, मग मॅचमधून माघार, तीही रँक लिस्टच्या, म्हणजे पसंतीच्या यादीच्या, मार्चमधल्या मुदतीच्या आत, आणि मग जानेवारीच्या मुलाखती रद्द. करारही ठेवायचा आणि यादीही प्रमाणित करायची, असा दोन दरडींवर पाय ठेवलात आणि मॅच झाली, तर ती बंधनकारक असते. तिथे न जाणं किंवा रुजू झाल्यापासून ४५ दिवसांत सोडणं हा भंग धरला जातो, आणि एक ते तीन वर्षं, क्वचित कायमचं, मॅचबाहेर राहावं लागतं. प्रोग्रॅमने 'तुम्हाला मोकळं केलं' म्हटल्याने सुटका होत नाही, सूट फक्त एनआरएमपी देते.

शुक्रवारपर्यंत गप्पही बसू नका. इंग्रजीत, या आशयाचा मेल धाडा : 'आपल्या विश्वासाबद्दल आभारी आहे. आपला प्रोग्रॅम या वर्षीच्या मॅचमध्ये आहे का, ते कृपया लेखी कळवावं. नसल्यास संस्थेच्या अधिकृत कराराची प्रत, मान्यतेची स्थिती आणि कोणता व्हिसा पुरस्कृत करणार, हे पाठवावं. करार मिळाल्यापासून दहा दिवसांत मी निश्चित उत्तर देईन. हा मेल म्हणजे स्वीकृती नव्हे.'