कैदी, कच्चा कैदी, बंदी: तुरुंगाच्या तक्त्यात कोणता शब्द कुठे?

एका वाचकाने विचारलं आहे: ‘“तुरुंगातील कैद्यांची वय, लिंग व शिक्षेनुसार वर्गवारी” असा तक्ता मराठीत तयार करतो आहे. कैदी म्हणजे शिक्षा झालेला माणूस ना? मग “कच्चा कैदी” हा काय प्रकार? आणि एकूण आकड्याला “तुरुंगाची लोकसंख्या” म्हटलं तर चालेल का?’

आधी कैदी. हा शब्द मूळ अरबी ‘कैद’वरून आलेला, कैद म्हणजे बंधन, बेडी. त्यात डांबलेपण आहे, दोष सिद्ध होणं नाही. युद्धकैद्याला कुठल्या कोर्टाने शिक्षा ठोठावलेली असते? तरी तो कैदीच. कैदी म्हणजे गुन्हेगार हे समीकरण आपण वापरता वापरता करून टाकलं. शब्दाचा त्यात दोष नाही.

हे समीकरण किती फसवं आहे ते आकड्यांत दिसतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा तुरुंगांविषयीचा अहवाल ३१ डिसेंबर या एका दिवशी आत किती माणसं होती ते सांगतो. २०२२ च्या त्या दिवशी देशभरातल्या तुरुंगांत ५,७३,२२० जण होते. त्यांपैकी ४,३४,३०२ जणांचा खटला किंवा तपास चालू होता, शिक्षा झालेले होते १,३३,४१५. म्हणजे आत असलेल्या चारांतल्या तिघांना शिक्षा झालेलीच नव्हती. तेव्हा ‘कैद्यांची शिक्षेनुसार वर्गवारी’ या मथळ्याखाली शिक्षेच्या वर्षांचे रकाने आखले, तर ते पाव भागालाच लागू होतात. उरलेल्यांना कुठल्या रकान्यात बसवणार?

या तीन-चतुर्थांशांना वर्तमानपत्रं कच्चे कैदी म्हणतात आणि बोलताना त्याची जोडी ‘पक्का कैदी’शी लावली जाते. तुरुंग खात्याच्या कागदांत यांनाच अनुक्रमे न्यायाधीन बंदी आणि सिद्धदोष बंदी म्हणतात. कच्चा कैदी हा शब्द मला एरवी आवडतो. ठसठशीत आहे, ऐकताच कळतो. पण त्यात एक खोच आहे. कच्ची पावती पुढे पक्की होणार असते, कच्चा खर्डा पक्का होणार असतो. कच्चा कैदी मात्र निर्दोषही सुटू शकतो. ‘कच्चा’ म्हटलं की पक्का होणं ही जणू फक्त वेळेची बाब उरते. बातमीत चालेल, बोलण्यात तर हमखास चालेल. तक्त्यात मात्र मी न्यायाधीन लिहीन. त्याला आणखी एक, निव्वळ व्याकरणाचं कारण आहे. ‘कच्चा’ लिंगवचनाप्रमाणे बदलतो: कच्चा कैदी, कच्चे कैदी, कच्च्या महिला कैदी. स्त्री, पुरुष आणि (अलीकडच्या अहवालांत असतो तसा) तृतीयपंथी असे तीन रकाने आले की ‘कच्चे’ हे शीर्षक सगळ्यांवर धड बसत नाही. न्यायाधीन आणि सिद्धदोष ही विशेषणं न बदलता तिन्हीकडे चालतात.

कोठडीचा घोळही इथेच निस्तरू. ‘पोलीस कोठडी’तला माणूस पोलिसांच्या ताब्यात असतो, तुरुंगाच्या आकड्यात तो धरला जात नाही. ‘न्यायालयीन कोठडी’ सुनावली की तो तुरुंगात जातो आणि न्यायाधीन बंदी होतो. बातम्यांत नुसतं ‘कोठडी’ लिहून हे दोन्ही एकाच पोत्यात भरतात, तेवढं टाळावं.

आता बंदी. सरकारी मराठीने कैदीऐवजी हा शब्द उचलला, आणि तो कृत्रिम आहे अशी तक्रार मी बऱ्याचदा ऐकतो. दारूबंदी, नाकाबंदी यांतली ‘बंदी’ निराळी, तो फारसीकडचा प्रत्यय. माणूस या अर्थाचा बंदी संस्कृतातही आहे, त्यामुळे शब्द उसना किंवा नवा नाही. तक्त्यात तो बरा, कारण गुन्हेगारीचा वास त्याला कैदीपेक्षा कमी चिकटलेला आहे. (तुरुंग हा शब्द स्वतः पोर्तुगीज ‘त्रोंको’वरून आला असं मानतात. या विषयात शुद्ध देशी शब्दाचा आग्रह धरणाऱ्यांनी ‘कारागृह’ला बिलगून राहावं.)

‘लोकसंख्या’ मात्र नको. ती देशाची, गावाची असते. इथे ‘बंदीसंख्या’ किंवा सरळ ‘बंद्यांची संख्या’. हा नुसता कानाला खटकण्याचा प्रश्न नाही. तुरुंगात काही स्त्रियांबरोबर त्यांची लहान मुलंही राहतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ ठेवता येतं. ही मुलं तिथे राहतात, म्हणजे लोकसंख्येत यायला हवीत. पण ती बंदी नव्हेत. ‘बंदीसंख्या’ म्हटलं की त्यांना वेगळं मोजायचं हे आपोआप ठरतं.

वयाच्या रकान्यांत ‘१८ ते ३०’ आणि त्याखाली ‘३० ते ५०’ असं लिहितात. मग नेमका तीस वर्षांचा माणूस कुठे गेला? ‘१८ ते ३० वर्षांखालील’ आणि ‘३० ते ५० वर्षांखालील’ लिहिलं की वाद मिटतो. अठराच्या आतल्यांसाठी मात्र ‘बालकैदी’ लिहू नका. बाल न्याय कायद्याप्रमाणे ती ‘विधिसंघर्षग्रस्त बालकं’. त्यांची जागा निरीक्षणगृह, तुरुंग नव्हे. शब्द बोजड आहे, कबूल. पण ‘बालगुन्हेगार’ म्हणण्यात निकाल आधीच लावला जातो.

स्त्रियांविषयी एकच. ३१ डिसेंबर २०२२ ला तुरुंगांत त्या २३,७७२ होत्या, शंभरांत जेमतेम चार. अशा वेळी ‘कैदी व महिला कैदी’ असे दोन रकाने दिसतात, जणू पहिला रकाना माणसांचा. ‘पुरुष बंदी, महिला बंदी’ लिहा.

वय, लिंग, शिक्षा ही त्रयी नुसती आकडेशास्त्राची सोय नाही. १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या कलम २७ मध्ये कोणाला कोणापासून वेगळं ठेवायचं ते सांगितलं आहे: स्त्रियांना पुरुषांपासून, एकवीसखालच्या पुरुष बंद्यांना इतरांपासून, दोष सिद्ध न झालेल्यांना सिद्धदोषांपासून. शिवाय दिवाणी बंद्यांना फौजदारी बंद्यांपासून. तक्त्याचे रकाने म्हणजे मुळात तुरुंगातल्या भिंतीच.

न्यायाधीन आणि सिद्धदोष या दोन्ही गटांत न बसणारा तिसरा छोटा गट ‘स्थानबद्ध’. २०२२ मध्ये ते ४,३२४ होते. गुन्हा करू नये म्हणून आधीच डांबलेले. ‘एमपीडीएखाली स्थानबद्ध’ हे बातम्यांतलं ओळखीचं वाक्य (एमपीडीए हा अशा स्थानबद्धतेचा महाराष्ट्राचा कायदा). याला नजरकैद म्हणू नये. नजरकैदेतला माणूस घरात असतो.

शेवटी शिक्षेचे रकाने. सक्तमजुरी आणि साधी कैद यांत फरक कामाचा आहे, मुदतीचा नव्हे. तेव्हा ‘सक्तमजुरी’ हा रकाना वर्षांच्या रकान्यांच्या ओळीत घालू नका. आणि ‘जन्मठेप’ला कंस करून ‘१४ वर्षे’ तर मुळीच लिहू नका. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच गोपाळ गोडसे प्रकरणात सांगितलं. चौदाचा आकडा आला तो १९७८ मध्ये तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत घातलेल्या कलम ४३३-अ मधून (२०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे): काही गंभीर गुन्ह्यांतल्या जन्मठेपेच्या बंद्याला सरकारने सूट द्यायची झाली, तरी चौदा वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सोडता येत नाही. ती खालची मर्यादा आहे. लोकांनी तिलाच मुदत करून टाकलं. शिवाय एका दिवसाच्या मोजणीत जन्मठेपवाले नेहमी जास्त दिसतात. सहा महिन्यांची शिक्षा झालेला येऊन निघूनही गेलेला असतो, ते मात्र दर ३१ डिसेंबरला तिथेच असतात. म्हणून त्या रकान्याखाली ‘वर्षभरात शिक्षा झालेले’ नव्हे, ‘त्या दिवशी शिक्षा भोगत असलेले’ असं लिहावं.