पावसाची वाट पाहणारे घोडे

(इंग्लंडमधल्या लॅमबोर्न इथे, उड्यांच्या शर्यतींच्या एका पागेत काम करणाऱ्या आमच्या स्तंभलेखिका वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : ताई, ब्रिटनमधल्या उड्यांच्या शर्यती मी हौसेने बघतो. दर ऑक्टोबरात तिथले प्रशिक्षक आपापल्या घोड्यांबद्दल हंगामाचा अंदाज सांगतात आणि जवळजवळ प्रत्येक घोड्याबद्दल तेच ते बोलतात. ‘उन्हाळ्यात छान भरलाय’, ‘पहिल्या धावेनंतर सुधारेल’, ‘मऊ जमीन हवी’. यातून खरंच काही कळतं, की ही सगळी घोडामालकांना खूश ठेवायची भाषा?

उत्तर : कळतं, आणि पुष्कळ कळतं. कौतुक बाजूला ठेवा आणि जमीन, अंतर, तारीख एवढं धरून ठेवा. ऑक्टोबरात प्रशिक्षकाच्या डोक्यात मार्चपासून उलटं मोजत आणलेलं वेळापत्रक असतं. मार्चमध्ये चेल्टनहॅमच्या मोठ्या शर्यतींचे चार दिवस, एप्रिलमध्ये एन्ट्री (Aintree) रेसकोर्सवरची ग्रँड नॅशनल. तिथे घोडा ताजा पोचवायचा, तर २६ डिसेंबरला केम्प्टनची किंग जॉर्ज ही मोठी शर्यत धरायची की सोडायची, आणि त्याआधी कुठून सुरुवात करायची, हे आत्ताच ठरवावं लागतं. ‘चार्ली हॉलपासून सुरुवात करू’ असं कोणी म्हणालं, तर घोडा जवळजवळ तयार आहे असं समजा, कारण वेदरबीची ती शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर असते. ‘ख्रिसमसच्या सुमारास बघू’ असं म्हणाला, तर मधे कुठेतरी काम अडलेलं असण्याची शक्यता मोठी.

‘पहिल्या धावेनंतर सुधारेल’ हे वाक्य गुळगुळीत वाटतं, पण त्यामागे खरं कारण आहे. उन्हाळ्यात हे घोडे कुरणात मोकळे असतात आणि पोट सुटूनच परत येतात. मग कित्येक आठवडे रस्त्यावर आधी चाल, मग दुडकी. त्याने पाय कणखर होतात. त्यानंतर चढावरची दौड. एवढं करूनही शर्यतीच्या वेगात, दहा-बारा घोड्यांच्या गर्दीत उड्या मारताना जो दम लागतो तो घरच्या दौडीत लागत नाही. प्रशिक्षक मार्टिन पाइप यांनी मात्र हे बरंच बदललं. लहान चढावर पुन्हा पुन्हा दौड आणि रक्ततपासणीची शिस्त यांच्या बळावर त्यांचे घोडे पहिल्याच दिवशी तयार उतरायचे. ते १५ वेळा चॅम्पियन प्रशिक्षक झाले आणि बाकीच्या पागांनीही त्यांची पद्धत उचलली. म्हणून कोण बोलतंय तेही बघा. त्या पागेचे मागच्या काही वर्षांचे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे निकाल काढलेत, की तिथले घोडे पहिल्या धावेला जिंकतात की एक धाव मागे असतात ते लगेच दिसतं.

आता जमिनीबद्दल. माझा सगळा जीव इथेच गुंततो. पागेत सकाळचं माझं पहिलं काम दाणा टाकायच्या आधीचं. अंधारातच प्रत्येक घोड्याच्या पुढच्या पायावरून, गुडघ्याखाली मागच्या बाजूने, हात खाली न्यायचा. तिथली कंडरा ताणलेल्या दोरीसारखी घट्ट, गार आणि सरळ लागली पाहिजे. बोटाला किंचित ऊब लागली किंवा कडेला जरा फुगीरपणा जाणवला, तर त्या दिवशी खोगीर चढत नाही, सोनोग्राफी होते. कारण अर्धा टन वजनाचा घोडा किमान साडेचार फुटांच्या फेन्सवरून, म्हणजे उंच, भक्कम अडथळ्यावरून, पलीकडे उतरतो, तेव्हा भार आधी पुढच्या पायांवर येतो आणि खालची जमीन कडक असेल तर सगळा ताण या कंडरेला सोसावा लागतो. ती फाटली तर अख्खा हंगाम जातो, कधी कधी घोड्याची कारकीर्दच संपते. रेसकोर्सवाले कोरड्या शरदात पाणी मारतात, तरी मारलेलं पाणी आणि आठवडाभर झिरपलेला पाऊस यांत फरक राहतोच.

आमच्याकडे सात वर्षांचा एक मोठ्या हाडाचा तांबडा घोडा आहे. दौड अशी, की चढ संपल्यावर त्याचा श्वास सगळ्यांत आधी बसतो. पण मागे त्याच्या पुढच्या पायाच्या कंडरेला त्रास होऊन गेलाय. त्याचं नाव शर्यतीत घालायचं, हवामान बघायचं आणि काढून घ्यायचं, हेच सध्या चाललंय. मालक रोज फोन करतात. प्रशिक्षक रोज तेच उत्तर देतात, आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. तेव्हा ‘मऊ जमीन हवी’ असं वाचलंत, की घोड्याच्या जुन्या निकालांच्या जोडीने त्या गावाचा पाऊसही बघा.

थांबणाऱ्यांना लोक भित्रे म्हणतात. प्रशिक्षिका हेन्रिएटा नाइट यांनी बेस्ट मेट या घोड्याला फार जपून पळवलं, तेव्हाही टीका झाली. पण त्या घोड्याने २००२, २००३ आणि २००४ अशी लागोपाठ तीन वर्षं चेल्टनहॅम गोल्ड कप जिंकला, आणि कारकीर्दीत एकदाही पडला नाही.

प्रश्न : सहा वर्षांच्या घोड्याला ‘नॉव्हिस’ (नवखा) कसं म्हणतात?

उत्तर : वयाचा संबंध नाही. हंगाम सुरू होण्याआधी ज्याने त्या प्रकारची शर्यत जिंकलेली नाही तो नॉव्हिस. हर्डल, म्हणजे बुटका, हलका अडथळा वेगळा, फेन्स वेगळी. म्हणून हर्डलवर नाव कमावलेला घोडा फेन्सवर पुन्हा नॉव्हिस होतो. हंगाम एप्रिलच्या शेवटी सँडाउन रेसकोर्सवर संपतो. घोडा मोठा, बांधा अजून भरायचा असेल, तर समजूतदार प्रशिक्षक वसंतात विजयासाठी घाई करत नाही. न जिंकता हंगाम संपला, तर पुढच्या हंगामातही त्याला सहसा नवख्यांमध्येच पळता येतं.

प्रश्न : उड्यांच्या फळ्या आधी नारिंगी होत्या, आता पांढऱ्या दिसतात. का?

उत्तर : घोड्याला नारिंगी आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत. आपल्या डोळ्यांना भडक वाटणारी फळी त्याच्यासाठी गवतातच मिसळून जायची. एक्सेटर विद्यापीठाच्या अभ्यासातून हे पुढे आलं आणि २०२२पासून पांढरा रंग येऊ लागला. खूप आधी व्हायला हवं होतं ते. या हंगामात नवख्या घोड्यांच्या शर्यती बघाल तेव्हा उडीआधीची शेवटची तीन-चार पावलं बघा. कान पुढे, पावलं मोजूनमापून पडतायत, म्हणजे त्याला अडथळा वेळेवर दिसलाय. ऐन वेळी पावलं आखडली, किंवा तो डावी-उजवीकडे सरकला, तर तो जिंकला तरी पुढच्या मोठ्या शर्यतीत त्याच्यावर भरवसा ठेवायची घाई करू नका.