जुन्या भूमिगत खाणीचं तोंड बुजवलं की खाण बंद झाली का?

तुम्ही विचारलंय, गावाशेजारच्या जुन्या कोळसा खाणीच्या शाफ्टमध्ये, म्हणजे खाली उतरायच्या उभ्या विहिरीसारख्या खड्ड्यात, मुरूम ओतून वर स्लॅब टाकलाय, आता पोरंबाळं, गुरंढोरं तिथून निर्धास्त फिरू शकतील का.

मी तरी फिरू देणार नाही. चंद्रपूर पट्ट्यातल्या भूमिगत खाणींत सर्व्हेचं काम केलंय, त्या हिशेबाने सांगतो. मुरूम भिजला की बसतो आणि तळाशी फुटलेल्या बोगद्यांत पसरत जातो. वर स्लॅब जसाच्या तसा दिसतो, खाली मात्र पोकळी. म्हणून तळाला मोठा, कठीण दगड हवा, पाण्यात न विरणारा. स्लॅबही काठच्या मातीवर नको, पक्क्या खडकावर टेकलेला हवा. आणि त्यातून वर काढलेला एक पाइप. हवेचा दाब उतरला, म्हणजे वादळी पावसाच्या आधी वगैरे, की खाण श्वास सोडते. कधी मिथेन, म्हणजे ठिणगीने पेटणारा वायू, कधी ऑक्सिजन संपलेली हवा. तिला वाट दिली नाही तर ती भेगांतून विहिरीत, तळघरात शिरते.

पण शाफ्टचं काम त्या मानाने सोपं. खरी धास्ती गावाखाली पसरलेल्या पोकळीची. कोळशाचे खांब सोडून आजूबाजूचा कोळसा काढलेला असतो. वर्षानुवर्षांत खांब झिजतात, छत पडतं. फुटलेला दगड जास्त जागा व्यापतो, त्यामुळे खोल खाणीत पडझड आपोआप अडते. उथळ खाणीत पोकळी वर सरकत थेट अंगणात येते. ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक अख्खं घर असंच जमिनीत गेलं. घरची माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. यावर उपाय रेती भराईचा: पाण्याबरोबर रेती पाइपने आत सोडायची, पाणी उपसायचं, रेती राहते. खाण चालू असतानाच हे केलेलं बरं. नंतर वरून बोअर मारत पोकळी शोधत बसावं लागतं.

पाण्याचंही तेच. पंप थांबले की जुनी खाण भरते. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या खोदकामातलं पाणी फुटून आत आलं आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार गेले. त्यामुळे शेजारी नवी खाण असेल तर मधली कोळशाची भिंत किती जाड आहे, हे नकाशावरूनच कळतं. आणि नकाशाच चुकला तर? राष्ट्रीयीकरणाआधीच्या खाणींचे नकाशे मी डोळे झाकून मानत नाही.

तुम्ही आधी खाणीचा नकाशा मागा. बंद खाणींचे नकाशे धनबादच्या खाण सुरक्षा महानिदेशालयाकडे द्यावे लागतात. तो हाती येईपर्यंत शाफ्टभोवती कुंपण घाला, त्या पट्ट्यात बोअरवेल आणि नवं घर नको. स्लॅबमध्ये पाइप असेल तर त्याच्या तोंडाशी कुणी विडी पेटवणार नाही, एवढं आजच सांगून ठेवा.