कारखाने दारात आले, तालुक्याच्या वकिलाला काय काम?

प्रश्न: नमस्कार मॅडम. पैठण कोर्टात प्रॅक्टिस करतेय, तीन वर्षं झाली. वाटपाचे दावे, चेक बाऊन्स, पोटगी असं चाललेलं असतं. आमच्याच तालुक्यात बिडकीनला ऑरिक ही औद्योगिक नगरी झालीय, रोज नवीन कंपनीची बातमी असते, सरकारचं औद्योगिक धोरण, पीएलआय म्हणजे उत्पादनावर मिळणारं केंद्राचं अनुदान, सगळं कानावर येतं, पण कंपन्यांचे वकील मुंबई-पुण्याचे. सिनियर म्हणतात आपला यात काही संबंध नाही. खरंच नाही का? की मीही पुण्याला जाऊन फर्मला लागू?

उत्तर: ताई, पुण्याला जायचं असेल तर खुशाल जा, पण इथे काम नाही म्हणून जाऊ नका. औद्योगिक धोरण म्हटलं की मंत्र्यांसमोर सह्या झालेला एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, डोळ्यासमोर येतो आणि तो काही आपल्या टेबलावर येत नाही, मान्य. पण कारखान्याला आधी जमीन लागते आणि ती कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते, मग सबसिडी लागते आणि ती जीआरच्या अटींवर मिळते, आणि पुढे त्याच कारखान्याला माल पुरवणाऱ्या छोट्या माणसाचं बिल अडकतं. या सगळ्याला वकील लागतो आणि तो जवळचा लागतो.

ऑरिकचं शेंद्रा-बिडकीन मिळून साधारण १० हजार एकर आहे, म्हणजे किती सातबारे ते बघा. पुढे कुठेही संपादन निघालं तर एमआयडीसीचा १९६१ चा कायदा हातात हवा, त्यातलं सहावं प्रकरण तर पाठच करा. ३२(२) ची नोटीस म्हणजे शेतकऱ्याला म्हणणं मांडायची संधी, कारण त्यानंतर ३२(१) ची अधिसूचना राजपत्रात आली की जमीन सरकारची झाली. लोक काय करतात, नोटीस घेतात, घडी घालून देवघरातल्या डब्यात ठेवतात आणि आपल्याकडे येतात ते पैसे कमी मिळाले म्हणून.

माझ्याकडे एक आजोबा आले होते. संपादनासाठीच्या संयुक्त मोजणीच्या पत्रकात त्यांची विहीर 'पडीक' लिहिलेली, आणि त्याच विहिरीवर मोटर चालू, लाइटबिल भरलेलं. बांधावर आंब्याची चौदा झाडं, पत्रकात चार. मोजणीच्या दिवशी आजोबा शेतातच होते, सही पण त्यांचीच, पण काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नव्हतं. बिलं, पीकपेरा, झाडांचे फोटो जोडून भांडलो तेव्हा कुठे फेरमोजणी झाली, त्यात दोन वर्षं गेली. त्या दिवशी एखादा वकील बांधावर उभा असता तर ती दोन वर्षं वाचली असती, मला अजून वाईट वाटतं त्याचं.

आणि तुमचे वाटपाचे दावे वाया नाही गेलेले. मोबदला आला की मयत खातेदार, राहिलेली वारसनोंद, बहिणींचा हिस्सा, सगळं एकदम वर येतं. मुंबईच्या फर्मला फेरफार वाचता येत नाही, तुम्हाला येतो.

आता सबसिडी. इथे एक निकाल मुळातून वाचा, मोतीलाल पदमपत शुगर मिल्स विरुद्ध उत्तर प्रदेश, डिसेंबर १९७८ चा, एआयआर या निकालांच्या संग्रहात १९७९ मध्ये आलाय. कंपनीला वनस्पती तुपाचा कारखाना काढायचा होता, सरकारने जानेवारी १९६९ मध्ये लेखी दिलं की तीन वर्षं विक्रीकर माफ. त्या भरवशावर कर्ज काढून कारखाना उभा केला, जुलै १९७० मध्ये उत्पादन सुरू झालं आणि ऑगस्टमध्ये सरकारने सवलत काढूनच घेतली. सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती भगवतींनी सांगितलं की शब्दावर विसंबून माणसाने पाऊल उचललंय, सरकारला तो शब्द पाळावा लागेल. अर्थात जनहिताचं ठोस कारण सिद्ध केलं तर सरकार सुटू शकतं, ते पण त्याच निकालात आहे. २०२० मध्ये झारखंडच्या ब्रह्मपुत्रा मेटॅलिक्सच्या केसमध्ये पुन्हा तोच विषय आला, तिथे धोरणात वीज शुल्कात ५० टक्के सूट होती पण अधिसूचनाच काही वर्षं उशिरा काढली, आणि कोर्टाने कंपनीची बाजू उचलून धरली.

पण माझं मत विचाराल तर खरं काम कोर्टात जायच्या आधीचं आहे. उद्योजक पेपरातली बातमी वाचून मशिनरीची ऑर्डर देऊन मोकळा होतो. तुम्ही जीआर वाचायचा, सबसिडीसाठी तालुका कोणत्या वर्गात येतो, अर्ज कधीपर्यंत, पात्रता प्रमाणपत्रावर काय अटी, हे त्याला लेखी द्यायचं, ऑर्डर द्यायच्या आधी. या कामाची फी मागायला लाजू नका.

थकलेल्या बिलांचं काम तर आजपासून सुरू करता येईल. लहान उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा २००६, सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि हे वाद सोडवणाऱ्या कौन्सिलच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. वर्कशॉपवाल्यांना हे माहीतच नसतं हो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, ऑर्डर घ्यायच्या आधी करून घ्या, नोंदणीच्या तारखेवरून फार वाद होतात.

पीएलआयबद्दल मात्र खोटी आशा लावत नाही. १४ क्षेत्रं, जवळपास २ लाख कोटींची तरतूद, ते दिल्लीतलं काम आहे आणि तिथेच राहील.

प्रश्न: वाळूजला कामगारांच्या केसेस करतो. नवीन लेबर कोड आलेत, आमचं काम संपलं असं सगळे म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर: दादा, संपलं नाही, बदललंय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ कायद्यांच्या जागी ४ संहिता लागू झाल्यात. कारखान्यात कपात किंवा बंदीसाठी सरकारची परवानगी आधी १०० कामगारांपासून लागायची, आता ३०० पासून, म्हणजे वाळूजमधली बरीच युनिट्स परवानगीच्या बाहेर गेली, आणि हे कामगारांच्या हिताचं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पण फिक्स्ड टर्मवाल्याला, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी नेमलेल्याला, आता एका वर्षावर ग्रॅच्युइटी आहे आणि ती किती जणांना कळलीय? ज्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय त्याला आत्ताच बोलवा, नेमणूकपत्र आणि पगाराच्या स्लिपा घेऊन यायला सांगा, गेटपास बंद झाल्यावर कागद गोळा करणं फार अवघड जातं.