‘बदल’, ‘परिवर्तन’, ‘स्थित्यंतर’ आणि आपण हरवलेला ‘परिणाम’

कोल्हापूरच्या गूळ व्यवसायावर प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. शीर्षकात तिनं ‘परिवर्तन’ लिहिलं होतं, मार्गदर्शकांनी ते खोडून ‘स्थित्यंतरे’ केलं आणि भूगोलाच्या सरांनी ‘संक्रमण’ सुचवलं. हे सगळे शब्द एकाच अर्थाचे आहेत का, आणि प्रत्येक विषयाचा शब्द वेगळा का?

एकाच अर्थाचे नाहीत. यादीत ‘बदलाव’ नाही, हे फार बरं झालं. ‘वेळापत्रकात बदलाव’, ‘धोरणात बदलाव’ असं रोज बातम्यांत ऐकून कान किटले आहेत. हिंदीत तो शब्द शोभतो. मराठीत ‘बदल’ असताना त्याला ‘आव’ चिकटवायचं काही कारण नाही. तीच गत ‘आमूलाग्र’ची. आमूलाग्र म्हणजे मुळापासून शेंड्यापर्यंत. बसचा थांबा पन्नास पावलं पुढं सरकवला, तर त्याला आमूलाग्र बदल म्हणू नये.

आता मुद्द्याकडे. यातला कुठलाही शब्द वापरण्याआधी एकच विचारावं: टिकलं काय? सगळंच गेलं तर बदलाची गोष्ट सांगताच येत नाही, कारण बदललं ते कोण हेच उरत नाही. प्रत्येक शास्त्राला काहीतरी एक टिकलेलं धरावं लागतं, आणि प्रत्येकाचं टिकलेलं वेगळं असतं. शब्द वेगळे होतात ते तिथं.

‘बदल’ अरबी आहे आणि त्याचा मूळ अर्थ आहे ऐवज: एकाच्या जागी दुसरं. मराठीनं या शब्दाचं अख्खं गोत सांभाळलंय. गिरणीतला बदली कामगार, सरकारी नोकराची बदली, अदलाबदल, जमीन गेली की मिळणारा मोबदला, घेतलेला बदला, आणि रोज हजारदा तोंडी येणारं ‘बद्दल’, सगळं तिथलंच. या शब्दात टिकते ती फक्त जागा. 26 जुलै 1902 चा शाहू महाराजांचा आदेश घ्या. संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासलेल्या वर्गांना, असा तो आदेश. जागा त्याच, तिथं बसणारी माणसं वेगळी: ‘बदल’ या शब्दाचा इतका अचूक आणि इतका मोठा वापर इतिहासात क्वचित सापडेल. तो परकी म्हणून काढून ‘परिवर्तन’ बसवा म्हणणाऱ्या भाषाशुद्धीवाल्यांनी आधी ‘बद्दल’ न वापरता एक पानभर लिहून दाखवावं.

आपला घरचा शब्द म्हणाल तर ‘पालट’, प्राकृतातल्या ‘पल्लट्ट’चा वारस. ‘खांदेपालट’ या शब्दावर माझा फार जीव आहे. पालखी तीच, वाट तीच, चालही तीच. एका भोयाच्या खांद्यावरून दांडी दुसऱ्याच्या खांद्यावर जाते, आणि तीही पालखी खाली न टेकवता. जोतिबाच्या डोंगरावर हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस मंत्रिमंडळाच्या बातमीतला ‘खांदेपालट’ वाचताना आधी विचारतो, भार तोच आहे ना? तसा नसेल तर तो शब्द तिथं चुकलाय.

‘परिवर्तन’ हा निवडणुकीच्या फलकांनी पार झिजवलेला शब्द. धातू ‘वृत्’, म्हणजे वळणं, फिरणं. वर्तुळ, आवर्तन, परावर्तन ही त्याची भावंडं. परिवर्तनात फिरणं आहे, आणि जे फिरतं ते परतही फिरू शकतं. शाळेचं विज्ञान हे नेमकं पाळतं: बर्फाचं पाणी होणं हा परिवर्तनीय बदल, कागद जळणं हा अपरिवर्तनीय. आता बघा, ‘बदल’ आणि ‘परिवर्तन’ खरोखर एकच असते, तर ‘अपरिवर्तनीय बदल’ हा शब्दप्रयोग उभाच राहिला नसता. सहावी-सातवीतल्या पोराला कळणारा हा फरक पदव्युत्तर प्रबंधात पुसला जातो, याची चीड येते. समाजशास्त्रानं ‘परिवर्तन’ला इष्ट दिशेचा अर्थ दिला (‘परिवर्तनवादी चळवळ’ म्हणताना आपण चांगल्याकडचं वळण गृहीत धरतो). ते मला मान्य आहे, चळवळींनी तो अर्थ कमावलाय. त्याच धातूचं ‘प्रवर्तन’ बघा. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात जे झालं त्याला बाहेरचे ‘धर्मांतर’ म्हणतात, अनुयायी ‘धम्मचक्र प्रवर्तन’. पहिल्या शब्दाचं लक्ष सोडलेल्या धर्माकडे आहे, दुसऱ्याचं सुरू केलेल्या चाकाकडे.

‘अंतर’वाले शब्द झटपट उरकतो. समासाच्या शेवटी आलेलं ‘अंतर’ म्हणजे ‘दुसरं’. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, रूपांतर म्हणजे दुसरं रूप, स्थित्यंतर म्हणजे दुसरी स्थिती. रूपांतरात द्रव्य टिकतं आणि आकार, घडण वेगळी होते; म्हणून भूगोलातला चुनखडकापासून झालेला संगमरवर हा ‘रूपांतरित खडक’. स्थित्यंतरात वस्तू टिकते, तिची दशा पालटते. म्हणून तो इतिहासकारांचा लाडका. 1994 साली मराठवाडा विद्यापीठाच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आलं, पण ‘मराठवाडा’ राहिलं, म्हणून त्याला ‘नामांतर’ न म्हणता ‘नामविस्तार’ म्हटलं गेलं. असं शब्द तोलून वापरलेलं पाहिलं की समाधान वाटतं. ‘संक्रमण’ म्हणजे ओलांडून जाणं, सूर्य मकरेत जातो तसं. लोकसंख्येच्या अभ्यासात ‘संक्रमण’ योग्यच आहे, कारण तिथं अवस्थांची रांग ठरलेली असते: आधी मृत्युदर उतरतो, मागाहून जन्मदर. रोगाच्या लागणीला हिंदीत ‘संक्रमण’ म्हणतात, मराठीत मात्र संसर्गच म्हणावं. आणि ‘उत्क्रांती’चं काय सांगू! जीवशास्त्रानं हा शब्द घेतला त्याआधी संस्कृतात त्याचा अर्थ होता प्राणानं देह सोडून वर निघून जाणं. ब्रह्मसूत्रात तो त्याच अर्थानं आहे. त्यातल्या ‘उत्’मुळं मराठी वाचकाला उगाच वाटत राहतं की उत्क्रांती म्हणजे वर वर चढत जाणं. डार्विनच्या झाडाला फांद्या आहेत, जिना नाही.

यापेक्षा कितीतरी मोलाचा वाद व्याकरणात आणि न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या जुन्या दर्शनात, झालाय, तो सांगतो. ‘इति + आदि = इत्यादि’ हे आपण शाळेत शिकलो. ‘इ’चा ‘य’ होतो, असं मास्तर सांगायचे. होतो म्हणजे काय? दुधाचं दही होतं तसा होतो, की ‘इ’ उठून जातो आणि त्याच्या जागी ‘य’ येऊन बसतो? पहिल्याला नाव ‘विकार’, दुसऱ्याला ‘आदेश’. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात यावर रीतसर खटला चालतो. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, म्हणतात, हा विकार नव्हे. दह्याचं पुन्हा दूध होत नाही, पण ‘य’चा ‘इ’ झालेला दिसतो. समोरचा म्हणतो, सोन्याचं कसं? दागिना मोडून पुन्हा सोनं होतंच की! हुपरीत चांदीचं काम करणाऱ्या कुणालाही हा युक्तिवाद समजावून सांगावा लागणार नाही. पाणिनीच्या व्याकरणावरच्या पतंजलीच्या महाभाष्यात तर एक श्लोकच आहे: ‘सर्वे सर्वपदादेशा दाक्षीपुत्रस्य पाणिनेः। एकदेशविकारे हि नित्यत्वं नोपपद्यते॥’ शब्द नित्य मानायचा तर त्याचा एखादा तुकडा बिघडला असं म्हणता येत नाही. म्हणून अख्ख्या पदाच्या जागी अख्खं पद येतं, असं मानायचं. पाणिनीचा ‘आदेश’ म्हणजे तंतोतंत आपला ‘बदली’! अरबी वैयाकरणांनीही एका व्यंजनाच्या जागी दुसरं येण्याला ‘इब्दाल’ म्हटलं, तेही याच ‘बदल’च्या धातूवरून. दोन परंपरा एकाच कल्पनेवर येऊन ठेपल्या, आणि आपण बसलोय एकीचा शब्द देशी, दुसरीचा परका ठरवत.

मराठी व्याकरणानं मात्र विकाराची बाजू घेतली. गूळ, गुळाचा, गुळाला. म्हणून नाम हा ‘विकारी शब्द’. आणि तोच ‘विकार’ बोलीत आजार झाला.

‘विकार’चं जे झालं, त्याहून मोठं नुकसान ‘परिणाम’चं झालं. आज ‘परिणाम’ म्हणजे एका गोष्टीनं दुसरीवर केलेला असर. औषधाचा परिणाम, पावसाचा भाजीपाल्यावर परिणाम. मूळ अर्थ बघा. परि अधिक नम्. नम् म्हणजे वाकणं, कलणं. जोंधळ्याचं कणीस दाणे भरले की कलतं, तसं पूर्णपणे कलणं, पिकणं. मराठीत ‘परिणत वय’, ‘परिणतप्रज्ञ’ यांत तो अर्थ अजून जिवंत आहे. वस्तू स्वतःच आतून पिकून दुसरी होते, तो परिणाम. सांख्य दर्शनाच्या भाषेत दही हा दुधाचा परिणाम. आज ‘दुधाचा परिणाम’ म्हणा, ऐकणारा पोट बिघडलं असं समजेल! आयुर्वेदानं तर कमाल केली: चरकानं रोगाची तीन कारणं सांगितली, त्यातलं तिसरं आहे ‘परिणाम’, म्हणजे काळ. सगळ्याला पिकवणारा काळच परिणाम. एवढ्या मोठ्या शब्दाला आपण ‘असर’चा हरकाम्या करून टाकलं.

योगसूत्रांत (3.13) परिणामाचे तीन प्रकार आहेत: धर्म, लक्षण आणि अवस्था. मातीचा पिंड जाऊन घट होतो, हा धर्मपरिणाम. तोच घट आधी होणार असतो, मग असतो, मग होऊन गेलेला असतो, हा लक्षणपरिणाम. आणि असता असता तो क्षणाक्षणाला जुना होत जातो, हा अवस्थापरिणाम. माझं ठाम मत आहे की आपली सगळी शास्त्रं या तिघांत वाटली गेली आहेत. रसायनशास्त्र धर्म बघतं, इतिहास लक्षण बघतो, वैद्यक आणि भूशास्त्र अवस्था बघतात. ही ओढाताण आहे असं काही विद्वान म्हणतात. त्यांनी याहून नेटकी विभागणी मांडावी, मी माझी मागे घेईन. नुसतं ‘जुनं ते ओढून आणता’ म्हणणं हे उत्तर नव्हे.

प्रश्नकर्तीनं गुऱ्हाळावर जाऊन बघावं. ऊस पिळणाऱ्या चरकातून रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, येतो, चुलवाणात चिपाडांचा जाळ धडाडतो, भेंडीच्या पाण्यानं मळी वर येते आणि ती काढून टाकतात. रस आटत जातो, काकवी होते, आणि 118 अंश सेल्सियसच्या आसपास गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, थेंबभर पाक गार पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळून बघतो. भौतिकीचा माणूस म्हणेल, पाण्याचं बाष्पीभवन आणि द्रवाचं घनात अवस्थांतर. रसायनवाला म्हणेल, सुक्रोज बहुतांशी तसंच, थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये फुटलं, तापून रंग आला. अर्थशास्त्री म्हणेल, टनाच्या भावाचा ऊस किलोच्या भावाचा झाला. गुळव्या म्हणतो, ‘पाक आला.’

हे ‘येणं’ मराठीचं स्वतःचं आहे. साय आली, उकळी आली, पोरगी वयात आली, भात शिजत आला. बाहेरून काही आलेलं नाही. आत होतं तेच पुरतं पिकून वर आलं. ‘परिणाम’चा जो अर्थ पोथीतून निसटला, तो आपल्या बायाबापड्यांनी आणि गुळव्यांनी ‘येणं’ या साध्या क्रियापदात धरून ठेवला. मला याहून सुंदर व्युत्पत्तीचा माग दुसरा ठाऊक नाही, मग कोशकार त्याला व्युत्पत्ती म्हणोत वा न म्हणोत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘सगळ्या विषयांत एकच पारिभाषिक शब्द हवा, म्हणजे विद्यार्थ्यांचा गोंधळ टळेल,’ असा आग्रह धरणारे चुकीचं सांगताहेत. गोंधळ एका शब्दानं टळत नाही, झाकला जातो. खडकाचं रूपांतर, जनुकाचं उत्परिवर्तन, लोकसंख्येचं संक्रमण हे वेगळे शब्द विषयांनी हौसेनं घेतलेले नाहीत. प्रत्येकानं टिकलं काय ते वेगळं धरलंय.

राहिलं शीर्षक. कोल्हापुरातल्या शाहूपुरीची पेठ, अडते, गुळाच्या रव्यांचे (ढेपांचे) सौदे हे सगळं तेच राहून काळानुसार दशा पालटली, असं प्रबंधात दाखवायचं असेल तर मार्गदर्शकांचं ‘स्थित्यंतरे’ बरोबर. ऊस साखर कारखान्यांकडे गेला आणि गुऱ्हाळं बंद पडली, हा गाभा असेल तर तो शुद्ध ‘बदल’ आहे, एकाची जागा दुसऱ्यानं घेतलेली. तिथं ‘परिवर्तन’ लिहून भारदस्तपणा आणू नये. ‘संक्रमण’ नकोच, कारण पुढची पायरी कोणती हे गुळाच्या धंद्यात अजून कुणी ठरवलेलं नाही. आणि रसाचा गूळ कसा होतो यावर एखादं प्रकरण असेल, तर त्याला ‘उसाच्या रसाचा परिणाम’ असं नाव द्यावं. मार्गदर्शक खोडतील. त्यांच्यापुढं सांख्यकारिकेतली सोळावी कारिका ठेवावी, ‘परिणामतः सलिलवत्’, म्हणजे परिणामानं, पाण्यासारखं. वाचस्पती मिश्रांची टीका ते उलगडते: ढगातून पडतं ते पाणी एकच, पण नारळात एक चव घेतं, ताडात दुसरी. उसाचं नाव त्यांनी घेतलं नाही, ते आपण घालायचं.