कॅल्शियमच्या गोळ्यांनी जखम लवकर भरेल का?

प्रश्न : धानकापणीत वडिलांच्या पायाला विळा लागला. त्यांना मधुमेह आहे. महिना झाला तरी जखम ओलीच आहे. रक्तवाहिन्यांच्या मूलपेशी कॅल्शियमच्या इशाऱ्यावर काम करतात, असे वाचले. मग कॅल्शियमच्या गोळ्या सुरू कराव्यात का?
— एक वाचक, ता. लाखांदूर, जि. भंडारा

उत्तर : केवळ जखमेसाठी गोळ्या सुरू करू नयेत. आपण वाचले ते खरे आहे. परंतु पेशीला इशारा मिळतो तो कॅल्शियम किती आहे यावरून नव्हे, तर ते केव्हा आत येते आणि केव्हा बाहेर जाते यावरून. आपल्याकडचा मामा तलाव आठवावा. पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) एका अंगाला भरलेले पाणी आणि दुसऱ्या अंगाला बांध्या, म्हणजे धानाची शेते असतात. गेट उघडताच पाणी धावते आणि धानाची गरज भागली की ते बंद करावेच लागते. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट असते, आणि ही तफावत राखण्यासाठी पेशीचे पंप अहोरात्र राबतात.

जखमेजवळ प्राणवायू कमी पडला की तेथील पेशी व्हीईजीएफ हे प्रथिन सोडतात. ते रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पूर्वज पेशीला (आपण वाचलेल्या मूलपेशी त्या याच) चिकटले की आधी पेशीतल्या कोठारातले कॅल्शियम सुटते; कोठार रिते होत असल्याचे स्टिम-१ हे प्रथिन ओळखते, ओराय-१ नावाचे दार उघडते आणि बाहेरचे कॅल्शियम आत शिरते. पंप ते उपसतात, पुन्हा लाट येते, आणि या लाटांमुळे जनुके जागी होऊन पेशी विभागतात व नव्या केशवाहिन्या आकार घेतात. प्रयोगशाळेत हे दार रोखले की पेशींची वाढ मंदावते. उलट कॅल्शियम आत साचून राहिले, तर पेशी मरते.

रक्तातील कॅल्शियम शरीर स्वतःच १०० मिलिलिटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम राखते, त्यामुळे गोळी घेऊन या लाटा वाढवता येत नाहीत. वडिलांची अडचण साखरेची आहे : ती दीर्घकाळ चढी राहिली की या पूर्वज पेशींची संख्या आणि कस दोन्ही घटतात, शिवाय पायाची संवेदना कमी झाल्याने दुखणे वेळेवर कळत नाही. महिनाभर ओली राहिलेली जखम मला काळजीची वाटते. रक्तातील साखर आणि पायाचा रक्तपुरवठा याच आठवड्यात तपासून घ्यावा, आणि उन्हाळी धानाच्या रोवणीसाठी त्यांना चिखलात उतरू देऊ नये. कडा काळसर झाल्या किंवा ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हाडांसाठी डॉक्टरांनी आधीच कॅल्शियम दिले असेल, तर ते मात्र परस्पर बंद करू नये.