‘दूध पुरत नाही’ वाटतं तेव्हा आधी वजन आणि शू बघा

चोवीस दिवसांची मुलगी घेऊन आलेल्या पहिलटकरणीची तक्रार नेहमीचीच होती: बाळ तासातासाला रडतं, छाती पहिल्यासारखी भरून येत नाही, दूध आटलंय. म्हणून आजीने गाईच्या दुधात निम्मं पाणी घालून दिवसाला तीन बाटल्या सुरू केलेल्या.

रडणं आणि मऊ छाती ही दूध कमी असल्याची खूण नव्हे. काही आठवड्यांनी छाती मऊ पडतेच. बघायचं ते वजन आणि शू. दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून निघावं, पुढे रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढ व्हावी, दिवसभरात सहा तरी शू व्हाव्यात. या मुलीचं जन्माचं वजन २,७०० ग्रॅम, आताचं जेमतेम २,७६०. म्हणजे काळजी खरी होती, पण कारण वेगळं होतं.

पाजताना बघितलं. तोंडात फक्त स्तनाग्र, गालाला खळ्या, चुटचुट आवाज, आणि सोडल्यावर स्तनाग्र चपटं, टोकाला पांढरं. अशा पकडीत दूध येतच नाही. त्यात बाटलीने पोट भरलेलं बाळ तीन-तीन तास झोपतं. छाती रिकामी होत नाही, मग दूध खरोखरच कमी बनतं. आणि पाणी घातलेल्या दुधाने पोट भरतं, वजन नाही.

डॉक्टरांनी बाळ तपासल्यावर बाटली बंद केली. बाळाचं पोट आईच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नाक स्तनाग्रासमोर. जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबायचं, मग बाळाला छातीकडे आणायचं; आईने वाकायचं नाही. हनुवटी टेकलेली, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग खालून जास्त तोंडात. थोड्याच वेळात गिळल्याचा आवाज येऊ लागला. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजायचं, रात्रीचं चुकवायचं नाही. पाजून झाल्यावर हाताने दूध काढून वाटी-चमच्याने द्यायचं, हे काम आजींनी आनंदाने घेतलं. आठवड्याने वजन २,९५० ग्रॅम.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) सहा महिन्यांखालच्या ६३.७ टक्के बाळांना निव्वळ आईचं दूध मिळत होतं. २०१५-१६ मध्ये ५४.९ टक्के. वाढ चांगलीच आहे, पण उरलेल्यांपैकी कितीतरी घरांत वरचं दूध याच भीतीपोटी सुरू होतं, आणि ते टाळता येतं.

बाळ सुस्त झालं, अंगावर ओढेनासं झालं किंवा सहा-आठ तास शू झाली नाही, तर मात्र घरी प्रयोग न करता लगेच डॉक्टरांकडे न्या.